विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी आणि परवाचा मेसेज

अ-४०२ : सर्वांना नमस्कार. 'सोनोग्राफीमुळे बाळ स्वमग्न (ऑटिस्टिक) होते' हा मेसेज परवा रात्री ज्यांनी येथे सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, त्यांना माझी गर्भार लेक माहेरी आली आहे हे ठाऊक होते. उद्या तिची विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी आहे आणि आता ती जायलाच तयार नाही.

ब-२०३ : मेसेज मी काळजीपोटीच टाकला. त्यात अमेरिकेतील उंदरांवरचा प्रयोग दिलेला आहे. आमच्या वेळी सोनोग्राफी नव्हती, तरी मुले धडधाकट निपजली.

क-१०४ : काका, मी रेडिऑलॉजिस्ट म्हणून सांगते, तो प्रयोग खोटा नाही. २००६ मध्ये येल विद्यापीठात पास्को राकिच यांच्या चमूला असे दिसले की गाभण उंदरांवर अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी सोडल्यास पिल्लांच्या मेंदूतील काही पेशी ठरल्या जागी पोहोचत नाहीत. मात्र उंदराच्या गर्भाचा मेंदू अगदी इवलासा असतो, त्यामुळे लहरी सगळ्या मेंदूवर पडतात; आणि आम्ही प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचे उपकरण, एका जागी धरून ठेवत नाही, तो सतत फिरत असतो. गरजेची तपासणी सोडू नका, हे त्याच चमूने सांगितले होते. तेवढेच तुमच्या मेसेजमधून गळले आहे.

सचिव : हा ग्रुप पाणी आणि देखभाल खर्चासाठी आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

अ-४०२ : कूलरचे पाणी कोणाच्या गॅलरीत पडते यावर दोन दिवस वाद चालला, तेव्हा आपण ही नोंद करून दिली नव्हती, सचिव साहेब.

ब-२०३ : माझा मुद्दा एवढाच, की आमच्या वेळी सोनोग्राफी नव्हती, तरी मुले धडधाकट निपजली.

अ-१०१ : भाऊ, सगळीच नव्हती. माझ्या नणंदेचे बाळ पाठीच्या कण्यावर उघडी गाठ घेऊन जन्मले आणि तिसऱ्या दिवशी गेले. ती गाठ आता विसाव्या आठवड्यात बहुधा दिसते.

ब-५०१ : माझा मुलगा स्वमग्न आहे. तो लिफ्टसमोर सगळ्यांच्या चपला रांगेत लावतो, हे तुम्ही रोज पाहता. त्या मेसेजनंतर 'तू किती वेळा सोनोग्राफी केली होतीस?' असे मला जिन्यात विचारले गेले. माझ्यावर हा ठपका कोणी ठेवू नये, एवढीच हात जोडून विनंती आहे.

क-१०४ : वहिनी, तो ठपका ठेवायला आधारच नाही. सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात. नॉर्वेत गर्भात असताना सोनोग्राफी झालेली आणि न झालेली मुले आठ-नऊ वर्षांची झाल्यावर त्यांचे वाचन-लेखन तपासले, तेव्हा फरक आढळला नाही. डावखुरेपणा किंचित जास्त दिसला, तोही मी लपवत नाही. ध्वनिलहरींनी ऊतक थोडे तापू शकते, म्हणून ते किती तापू शकते याचा अंदाज देणारा थर्मल इंडेक्स पडद्यावर दिसतो आणि पहिल्या तिमाहीत डॉपलर (रक्तप्रवाह पाहण्याची पद्धत) आम्ही कारणाशिवाय लावत नाही. निव्वळ हौसेखातर बाळाचा चेहरा पाहायला तासभर बसू नये, हे मात्र मी ठामपणे म्हणेन. उद्याच्या तपासणीत हृदयाचे कप्पे, मेंदू आणि कणा पाहतात.

ब-२०३ : आमच्या वेळी हे सांगणारे कोणी नव्हते. मेसेज मी काढून टाकतो.

अ-४०२ : डॉक्टर, तुमचे लिहिलेले मी तिला वाचून दाखवले. सोबत काय न्यावे, असे ती विचारते आहे.

क-१०४ : डॉक्टरांची चिठ्ठी, आधीचे रिपोर्ट आणि ओळखपत्र. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालचा फॉर्म एफ तेथेच भरतात. साडेनऊला निघा, मी सोबत येते.