मदत हवी आहे: नवख्या पोरांनी नेत्राणीच्या करंटमध्ये उतरावं का?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. मुलगा आणि त्याचे तीन मित्र बेळगावात कॉलेजला आहेत, एकोणीस-वीस वर्षांचे. गेल्या हिवाळ्यात चौघांनी स्कूबाचा ओपन वॉटर, म्हणजे सुरुवातीचा कोर्स केला. तेव्हा पाणी शांत होतं आणि इन्स्ट्रक्टर शेजारीच होते. आता दिवाळीनंतर नेत्राणीला जायचं म्हणतात. मुर्डेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटर आत, भर समुद्रातलं बेट. पोरं मलप्रभेत पोहून वाढलेली, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच, "पोहायला येतंय की, भ्यायचं काय त्यात?" मला नेमकी तीच भीती वाटते. नदीत ओढ लागली तर तिरकं पोहत काठ गाठायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तिथे काठ कुठला?

आतापर्यंत वाचून-विचारून जे समजलं ते असं. टाकी, जॅकेट, सूट अंगावर असताना एक नॉटचा, म्हणजे ताशी १.८५ किलोमीटरचा प्रवाहसुद्धा दमदार माणसाला फार वेळ कापता येत नाही. नवखा जोर लावतो, त्याला धाप लागते, टाकीतली हवा भराभर संपते आणि तो घाबरून वर धावतो. जीवावर बेततं ते तिथे, कारण दम रोखून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पोरांना सांगितलंय की प्रवाहाशी झुंजायचं नाही. सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनं आणि तळाजवळून, खडकाचा आडोसा घेत करायची, म्हणजे परतताना तोच प्रवाह मदतीला येतो. हवा अर्ध्यावर यायच्या आधीच वळायचं. वाहवत गेलाच तर जोडीदाराला सोडायचं नाही, सिग्नलचा फुगा वर सोडायचा, सावकाश वर येत ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं आणि वर आल्यावर जॅकेट फुगवून बोटीची वाट बघायची. यात काही चुकत असेल तर सांगा.

आता तारखेचं. मालवणकडचे ओळखीचे मच्छीमार म्हणतात, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटी असते तेव्हा कमी. नेत्राणीला तिथी बघून दिवस ठरवला तर खरंच फरक पडतो का, की वाऱ्यामुळे सगळा हिशेब बदलतो?

बोटवाल्याला काय विचारू? दोरी धरून उतरवतात का, बोटीमागे तरंगती दोरी सोडतात का, एका गाईडमागे किती जण, कोणी लांब वाहत गेला तर त्याला आणायला कोण जातं, एवढं मला सुचलंय. कोणतं उत्तर ऐकल्यावर सरळ नको म्हणावं, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

सगळ्यात जास्त काळजी वेगळीच आहे. त्या वयात मित्रांसमोर 'मला नको वाटतंय' असं कोणी म्हणत नाही. पैसे भरलेले, बोट एवढ्या लांब आलेली, बाकीचे तिघे सूट चढवून तयार. अशा वेळी एकानं माघार घेतली तर गाईड त्याला मुकाट्यानं बोटीवर बसू देतात, की 'काही होत नाही, चल' म्हणून उतरवतात? पाणी वाईट दिसलं तर डाइव्ह रद्द करण्याचा शब्द कोणाचा चालतो?

आणखी एक, हे आपल्याकडच्यांनी खास बघावं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. डाइव्हनंतर लगेच उंचीवर जाणं विमानात बसण्यासारखंच धोक्याचं, कारण हवेचा दाब कमी झाला की अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह असतील तर १८ तास थांबायला सांगतात. पोरांचा बेत मात्र त्याच संध्याकाळी घाट चढून घरी यायचा आहे. मी त्यांना रात्री खालीच मुक्काम करायला सांगतोय. तुम्ही इकडची मंडळी काय करता?

की नेत्राणी यंदा राहू दे, आधी मालवणलाच गाईडबरोबर आणखी डाइव्ह होऊ देत, असं तुमचं मत आहे? तसं असेल तर स्पष्ट लिहा. आगाऊ रक्कम अजून भरलेली नाही आणि हा धागा मुलाला वाचायला देणार आहे.