मदत हवी आहे: क्रूगर, किमान वेतन आणि पेनसिल्व्हेनियाचा आकडा

नमस्कार मंडळी,

एम.ए.च्या सेमिनारला मी अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा विषय घेतलाय. वीस मिनिटं, मराठीतून. १९८७ पासून प्रिन्स्टनला, मधे क्लिंटनच्या काळात कामगार खात्याचे मुख्य अर्थतज्ज्ञ, पुढे ओबामांकडे आधी अर्थखात्यात आणि २०११ ते १३ आर्थिक सल्लागार परिषदेचे अध्यक्ष. २०१९ मध्ये गेले. हे दोन स्लाइडींत उरकतं. घोडं अडलंय ते डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञाबरोबर लिहिलेल्या १९९४ च्या निबंधापाशी: किमान वेतन वाढवलं की रोजगार घटतो का?

एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५च राहिलं. या दोघांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्टफूडची दुकानं धरली आणि वाढीच्या आधी व नंतर फोन करून कामाला किती माणसं आहेत ते विचारलं. (दुसऱ्या फेरीत जे फोनवर दाद देईनात त्यांच्याकडे गाडीने माणूस धाडला!) अर्धवेळवाला म्हणजे अर्धा माणूस, असा हिशेब.

न्यू जर्सीत दुकानामागे सरासरी २०.४४ ची २१.०३ माणसं झाली. पेनसिल्व्हेनियात २३.३३ ची २१.१७. फरकातला फरक, म्हणजे दोन राज्यांतल्या बदलांमधलं अंतर, २.७६, न्यू जर्सीच्या बाजूने.

आता यातला मोठा वाटा पेनसिल्व्हेनियाच्या घसरणीचाच आहे ना? वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीचं काय झालं असतं हे पेनसिल्व्हेनिया दाखवतं, एवढं पाठ आहे. पण त्या वेळच्या मंदीचा मार दोन्हीकडे सारखाच होता, हे वर्गाला कसं पटवू? ‘वेतनवाढीने रोजगार वाढला’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ‘घटल्याचं दिसलं नाही’ एवढंच म्हणणार होते, तर सर म्हणाले, फारच मिळमिळीत.

शिवाय न्यूमार्क आणि वॉशर या अर्थतज्ज्ञांनी दुकानांच्या पगारनोंदी घेऊन उलटा निष्कर्ष काढला, त्याला कार्ड आणि क्रूगरनी २००० मध्ये सरकारी नोंदींवरून उत्तर दिलं. हे घ्यावं की वेळ खाईल?

आणि २०१५ मध्ये क्रूगरनीच लिहिलं की देशभर तासाला १२ डॉलर किमान वेतन ठीक, १५ म्हणजे जोखीम. मला शेवट यावरच करायचाय. मैत्रीण म्हणते, मग आधीच्या पंधरा मिनिटांवर पाणी पडेल.

जाता जाता: ‘नैसर्गिक प्रयोग’ (संशोधकाने न घडवलेल्या बदलावरून केलेली अशी तुलना) म्हटलं की शेतीतला वाटतो. दुसरा शब्द सुचतोय का कुणाला? सादरीकरण मंगळवारी आहे.