पोर्तुगीज चर्च म्हणतात, मग पोर्तुगीज दिसत का नाही?

नवा_दादरकर: सिद्धिविनायकाहून एस. के. बोले रस्त्याने गोखले रोडकडे आलो. पत्ता विचारला की जो तो 'पोर्तुगीज चर्चजवळ' सांगतो. मी आपला वसईसारख्या कमानी शोधतोय, तर समोर काँक्रीटचे उंच सुळके! जुनं चर्च गेलं कुठे? आत कुणी गेलंय का?

चाळकरी_६२: नाव जुनं, इमारत नवी. पॅरिश (म्हणजे चर्चभोवतीचा भाविकांचा समुदाय) 1596 सालचं, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी सुरू केलेलं. आजची वास्तू वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, 1974 ते 77 मधली. तिचं खरं नाव साल्व्हेशन चर्च, पण ते टॅक्सीवाल्याला सांगून बघा!

शाळेतल्या मित्राचं लग्न तिथेच लागलं, ऐन मे महिन्यात. नायलॉनचा शर्ट घातलेला, म्हटलं आज आंघोळच होणार. बसलो चौकाच्या कडेला आणि चक्क वारं लागलं. कोरियांनी एकच बंदिस्त दालन केलेलं नाही. छपराखालच्या जागा आणि उघडे चौक एकमेकांत गुंतवलेत, आपल्या वाड्यात ओटीवरून चौकात यावं तसे. वरची काँक्रीटची कवचं निमुळती होत जातात आणि तापलेली हवा धुराड्यातून जावी तशी वर निघून जाते. तुमचे सुळके ते हेच.

रेघोट्या: आत गेलात तर मान वर करा. छतातल्या काचेवर एम. एफ. हुसेन यांनी रंगकाम केलंय. आणखी एक, 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक धर्मगुरूंची मोठी सभा) मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, लोकांच्या भाषेत होऊ लागली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. चर्चची रचनाही त्याच सुमारास जगभर बदलत होती.

पावसाळी_बेडूक: कौतुक पुरे. उघडं काँक्रीट मुंबईच्या चार पावसांत काळं पडतं. मला तरी कौलारू चर्चच बरं वाटतं.

चाळकरी_६२: रस्त्यावरून बघितलंत तर मलाही ते गोदामच वाटतं. चौकात दहा मिनिटं बसा, मग भांडू.

नवा_दादरकर: रविवारी मिस्सा संपल्यावर जातो. चपला बाहेर काढायच्या ना?

चाळकरी_६२: चपला राहू देत. टोपी असेल तर ती काढा.