मदत हवी आहे: घर विकायचं थांबवलं, तरी दलाल पैसे मागतोय
नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर विकायला काढलं होतं. आईचा जीव त्यातून निघेना, म्हणून थांबलो. आता दलाल म्हणतो, अपेक्षित किमतीच्या एक टक्का भरा. एकही गिऱ्हाईक आणलं नाही त्याने! दाराला पाटी लावली, मोबाइलवर चार फोटो काढले, बस. करारात मागच्या पानावर बारीक अक्षरात ती अट आहे, खाली बाबांची सही.

१८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी तेवढीच भरपाई मिळते. मग खर्चाच्या पावत्या लेखी मागू, की थेट वकिलाची नोटीस पाठवू? रोजच्या फोनांनी बाबा धास्तावलेत, ते बघवत नाही. असं प्रकरण ग्राहक आयोगात कुणी नेलंय का? कृपया सविस्तर सांगा.