मदत हवी आहे: ‘हॅलोवीन’ची पाल (PAL) डीव्हीडी, सबटायटल मागे पडतात

कोथरूडमध्ये सोसायटीच्या हॉलमध्ये ‘हॅलोवीन’ (1978) आणि नंतर ‘द ब्रेकफास्ट क्लब’ (1985) दाखवायचाय. भीती आधी, हसू नंतर. उलटं केलं तर भीती जमत नाही.

‘हॅलोवीन’ची डीव्हीडी पाल आहे, म्हणजे भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीची: सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेम (चित्रं), म्हणून 91 मिनिटांचा सिनेमा सुमारे 87 मिनिटांत संपतो. 24 फ्रेमची सबटायटल सुरुवातीला जुळतात, शेवटी साडेतीन मिनिटं मागे. नुसता डिले देऊन (सगळ्या ओळी सारख्याच सरकवून) भागत नाही, सगळ्या वेळांना 0.96 ने गुणलं की जमतं. खरी अडचण सुराची. सिनेमा जोरात पळतो म्हणून दिग्दर्शक-संगीतकार जॉन कार्पेंटरचा पियानो चढा वाजतो! व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग 0.96 करून टाइम स्ट्रेचिंग (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद केलं, तर प्रोजेक्टरवर कॅमेरा सरकताना चित्र अडखळेल का? पुण्यात कुणाकडे 24 फ्रेमची ब्लू-रे उसनी मिळेल?