कामावर आवाज चढला तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

खिडकी_नं_३
बदलीची ऑर्डर आलीय म्हणून ड्रॉवर रिकामा करत होते. नोटा मोजायचा स्पंज, वाळून दगड झालेला. दोन शिक्के. आणि तळाशी एक लग्नपत्रिका, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली. बघितली आणि पोटात कालवलं.
नोव्हेंबर २०१६, नोटाबंदी. बँकेत नोकरीला आठ महिने. नोटा बदलायची मर्यादा आधी ४०००, मग ४५००, मग एकदम २०००. प्रत्येक बदल आम्हालाही लोकांबरोबरच टीव्हीवर कळायचा. लग्नघराला अडीच लाख काढता येतील असं जाहीर झालं, अटी मागाहून आल्या. पत्रिका हवी, ज्यांना रोख द्यायची त्यांची यादी हवी, शिवाय त्यांचं बँकेत खातं नाही असं त्यांच्याकडून लिहून हवं. एक काका सकाळी सातपासून रांगेत. दुपारी त्यांचा नंबर लागला आणि मी अटी वाचून दाखवल्या. "आता मांडववाल्याच्या सह्या घेत फिरू का?" म्हणत त्यांनी पत्रिका काचेखालच्या फटीतून आत भिरकावली. मीही ओरडले, "माझ्या घरचे पैसे आहेत का?" अख्खी रांग गप्प.
स्टेशनरीच्या खोलीत जाऊन रडले. हेड कॅशियर मागून आले. समजूत वगैरे काही नाही. म्हणाले, "ते तुझ्यावर चिडले नाहीत, काचेमागे तू दिसलीस एवढंच. तोंड धू. उद्या त्यांचा फॉर्म तूच भरायचा." शेवटचं फार जड गेलं. काका दुसऱ्या दिवशी यादी घेऊन आले, वहीच्या पानावर. आत खुर्ची देऊन फॉर्म भरला. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. नोटा दोनदा मोजल्या आणि गेले.
तेव्हापासून समोरच्याचा आवाज चढला की मी आधी पेनाला टोपण लावते. मग बोलते.

डबलबेल
आमच्या एसटीत पूर्वी तिकिटाला भोक पाडायचा पंच होता. डोकं फिरलं की नुसतं टकटक टकटक करायचं, पॅसेंजरला वाटायचं कंडक्टर कामात आहे. मशीन आलं आणि ती सोय गेली 😀 परवा एक आजोबा, पंच्याहत्तरचा आहे म्हणून फुकट हवं. आधारवर ७३. म्हटलं आजोबा, अर्धं तिकीट घ्या, दोन वर्षांनी मीच तुम्हाला फुकट नेतो. ते हसले. दहा वर्षांपूर्वी मी गाडी थांबवली असती.

रात्रपाळी
कोविड वॉर्ड, २०२०. पीपीई किटमध्ये रडू नये एवढंच शिकले. गॉगलला वाफ धरते, पुसता येत नाही, आणि सलाइन लावायला शीर दिसत नाही. रडणं ड्यूटी संपल्यावर, किट काढल्यावर. आता सवयच लागलीय, घरी काही झालं तरी रडू दोन तास उशिरा येतं. हे चांगलं की वाईट माहीत नाही.

खिडकी_नं_३
@रात्रपाळी अगं 🙏 काय बोलू.

हिंजवडीचा_सिग्नल
रागाचं मेल लिहायचं, पण "टू"चा रकाना रिकामा ठेवून. माझ्या ड्राफ्टमध्ये ४१ पडलीत. मॅनेजर बदलला की जुनी वाचतो, निम्म्यांत चूक माझीच निघते.

तिरकस
सगळं ठीक, पण मला हे सोसण्याचं कौतुक खटकतं. आमच्या विभागात पाच जणांचं काम तिघे करतात. दोन माणसं मागितली तर "भावनिक बुद्धिमत्ता" या विषयावर दिवसभराची कार्यशाळा मिळाली. डोळे मिटून श्वास मोजा म्हणे. तेवढ्यात टेबलावर सतरा फायली. @खिडकी_नं_३ तुमच्यावर ओरडणारा माणूस चुकीचा नव्हताच, नियम आयत्या वेळी आले होते. टोपण लावून ते बदलत नाही.

खिडकी_नं_३
मान्य. पण नियम माझ्या हातात नव्हते हो, पेन होतं. आणि एक सांगायचं राहिलं, त्याच दिवशी रात्री साडेनऊला कॅश ५०० ने कमी. खिशातून भरले. रडून आल्यावर मोजताना हात चालत नाही.

हिंजवडीचा_सिग्नल
म्हणजे रडणं ५०० ला पडलं 😬

वरणफळं
वाचते आहे सगळं, नंतर सविस्तर लिहीन. आमच्या मुख्याध्यापक बाई... जाऊ दे, मोठी गोष्ट आहे. तो स्पंज टाकू नका ताई, कोमट पाण्यात ठेवला की मऊ होतो.

डबलबेल
ताई बदली कुठे?

खिडकी_नं_३
गडहिंग्लज.

डबलबेल
मग काय, कोल्हापूरहून आमचीच गाडी. सुट्टे घेऊन या.

रात्रपाळी
त्या काकांच्या मुलीचं लग्न नीट झालं ना?

खिडकी_नं_३
कळलंच नाही गं. पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा आहे.