आईच्या स्मरणिकेसाठी मदत हवी आहे

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या स्त्री शिक्षण संस्थेसाठी माझी आई दर दिवाळीत पुण्यात घरोघरी जाऊन भाऊबीज निधी गोळा करत असे, आणि तरीही घरचा फराळ, आजीची औषधे किंवा आमचा अभ्यास यांपैकी काहीही तिच्या नजरेतून सुटत नसे. तिच्या वर्षश्राद्धाला मोठ्या जेवणावळीऐवजी (तिलाही हेच आवडले असते) छोटी स्मरणिका काढण्याचे आम्ही ठरवले आहे. तिच्या पावतीपुस्तकांतील स्थळप्रती आणि त्यांवरील पेन्सिलीच्या नोंदी फिकट झाल्या आहेत. त्या खराब न होता स्कॅन कशा कराव्यात? देणगीदारांची नावे झाकणे योग्य ठरेल का? तिच्यासोबत हिंडणाऱ्या वयोवृद्ध मैत्रिणींच्या आठवणी लिहून घ्याव्यात की ध्वनिमुद्रित कराव्यात? अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.